स्तनातली गाठ, मूळ फुप्फुसात

स्तनात गाठ हाताला लागली की पहिली शंका कर्करोगाची येते. बहुतेक गाठी साध्या निघतात. ज्या कर्करोगाच्या निघतात, त्यांचाही उगम बहुधा स्तनातच असतो. मात्र अशा शंभर रुग्णांत एखाद-दुसऱ्याचा रोग दुसऱ्या अवयवातून, क्वचित फुप्फुसातून, तेथे आलेला असतो.

एवढ्या दुर्मिळ गोष्टीची चर्चा कशाला, असे वाचक विचारतील. कारण उपचार बदलतात. रोग स्तनाचाच असेल तर शस्त्रक्रियेला मोठे स्थान आहे. फुप्फुसातून आलेला असेल तर स्तन काढून बहुधा काही साधत नाही. औषध साऱ्या शरीराला द्यावे लागते.

माझ्या वांद्र्याच्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई गाठ दाखवायला आल्या. बोलता बोलता तीनदा खोकल्या. विचारले तर म्हणाल्या, "डॉक्टर, तो दोन महिने आहे. हवेचा असेल." विडी-सिगारेट कधीच नाही. (न ओढणाऱ्यांनाही फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे अनेकांना पटत नाही.) मॅमोग्राफीबरोबर छातीचा फोटो काढायला सांगितला. मॅमोग्राफीत गाठ गोल, रेखीव कडांची, चुन्याचे कण नसलेली. छातीच्या फोटोत सावली होती. आपल्याकडे सावली म्हणजे क्षय, असे धरून औषधे सुरू होतात. आधी थुंकी तपासावी. त्यांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नाहीत.

गाठीचा तुकडा सुईने काढला. अहवाल आला, 'अ‍ॅडिनोकार्सिनोमा'. हा शब्द फसवा. ग्रंथीच्या पेशींचा हा कर्करोग स्तनाचाही असतो, फुप्फुसाचाही. त्याच तुकड्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री ही खास तपासणी केली की उलगडा होतो. टीटीएफ-१ आणि नॅप्सिन-ए फुप्फुसाकडे बोट दाखवतात, गाटा-३ बहुधा स्तनाकडे. एकाच खुणेवर मात्र विसंबू नये. बाईंचा रोग फुप्फुसाचा ठरला. अशा वेळी ईजीएफआर, एएलके या जनुकांतील बदलही तपासतात. बदल सापडल्यास गोळ्यांनी रोग बराच काळ आटोक्यात राहू शकतो. समूळ बरा होईल, असे मी कोणाला सांगत नाही.

पॅथॉलॉजिस्टला रुग्ण दिसत नाही, चिठ्ठी दिसते. म्हणून तुकड्यासोबतच्या चिठ्ठीवर खोकला, छातीच्या फोटोतील सावली, पूर्वीचा कोणताही कर्करोग हे सारे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. परळच्या टाटा मेमोरियलला जाल तेव्हा नुसता कागदी अहवाल नेऊ नका. काचपट्ट्या आणि मेणाचा ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्या.