उसापासून बिस्किटापर्यंत



लागण, खताचे हप्ते, तोडणी याविषयी आपण या पानावर नेहमी बोलतो. आज थोडे घरच्या किराण्याविषयी. आपण ऊस कारखान्याला घालतो आणि त्याचीच साखर बिस्किटाच्या पुड्यातून पैसे मोजून परत घरी आणतो. मधे त्यात काय काय मिसळते, हे समजून घेतले पाहिजे.

ब्राझील हा आपल्यासारखाच उसाचा देश. तेथील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो व सहकाऱ्यांनी २००९ साली प्रक्रियेवरून अन्नाची वर्गवारी मांडली. तिला 'नोव्हा' म्हणतात. तिचे चार गट असे :

१) मूळ रूपातले किंवा नुसते निवडले-दळलेले : ज्वारी, डाळी, भाजी, दूध, अंडी.
२) स्वयंपाकात घालायचे जिन्नस : साखर, गूळ, तेल, मीठ.
३) पहिल्यात दुसरे घालून केलेले : खारे शेंगदाणे, मिठातले लोणचे.
४) अतिप्रक्रिया केलेले : पुड्यातली बहुतेक बिस्किटे, बाटलीतली थंड पेये, झटपट शेवया.

चौथा गट ओळखायचा कसा? पुडा उलटा करून घटकांची यादी पाहावी. नियमाप्रमाणे वजनाने जास्त असलेला घटक आधी लिहितात. माल्टोडेक्स्ट्रिन, इमल्सिफायर, कृत्रिम स्वाद अशी आपल्या डब्यात कधी नसणारी नावे दिसली, की माल चौथ्या गटातला समजावा. साखरही तेथे नाव बदलून येते. 'इन्व्हर्ट सिरप' म्हणजे साखरच फोडून केलेला पाक. 'लिक्विड ग्लुकोज' बहुधा मक्याच्या स्टार्चपासून करतात. नावे तीन, पण पोटात जाते ती साखरच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २००० उष्मांकांच्या आहाराला हे सुमारे ५० ग्रॅम होतात. ५ टक्क्यांच्या आत ठेवल्यास अधिक चांगले. यात गूळ आणि मधही धरायचा.

कारखान्याचाच माणूस साखर मोजायला सांगतो, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. चहातली साखर आपण चमच्याने मोजून घालतो, पुड्यातली कुणीच मोजत नाही. उसाला भाव मिळावा म्हणून आपल्याच पोरांच्या दप्तरात पुडे कोंबणे काही खरे नाही. मधल्या सुट्टीला भाकरी-चटणी, शेंगदाणे, केळी चालतात की!

वजनकाट्यावर आपण डोळ्यात तेल घालून उभे राहतो. तीच नजर दुकानात ठेवा. पुड्यावरची अक्षरे बारीक आणि बहुधा इंग्रजी असतात, तेव्हा येत्या बाजाराला शाळकरी पोराला बरोबर न्या आणि यादी मोठ्याने वाचायला लावा.