ग्राइंडरचा दगड आधी वाजवून बघा

आलापल्लीच्या बाजूला एका लहान वर्कशॉपमध्ये मी फिटर आहे. सागवानाचा मुलूख, त्यामुळे सुतारांच्या पटाश्या, रंध्याची पाती, कुऱ्हाडी, विळे असे धारेचे काम रोज असते. एका पावसाळ्यात मालकांनी चंद्रपूरहून जुना बेंच ग्राइंडर आणला. मोटर झकास फिरत होती, म्हणून त्याच दिवशी तो कामाला लागला. हाताखालच्या पोराने बटण दाबले आणि कुऱ्हाड उचलायला तो बाजूला वाकला, तेवढ्यात दगड फुटला. गार्ड कुणीतरी कधीच काढून टाकलेले. तुकड्याने समोरच्या पत्र्याला पोचा पाडला. पोरगा उभा असता तर तो तुकडा त्याच्या छातीवर बसला असता.

मोटर चांगली म्हणजे ग्राइंडर चांगला, ही समजूतच घातक. सहा इंची दगड मिनिटाला 2850 फेरे घेतो तेव्हा त्याची कड ताशी 80 किलोमीटरने धावत असते. टेम्पोत आदळून गेलेली केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. कानाला मात्र कळते.

म्हणून प्लग काढून दगड उतरवा. डावीकडच्या नटाला उलटे आटे असतात, उगाच जोर लावून झटू नका. दगड पुसून, भोकात बोट घालून लोंबता धरा आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंच-दोन इंच आत हलकेच टिचकी मारा. उभ्या मध्यरेषेवर नको, तिच्या दोन्ही बाजूंना तिरपे मारा. मग दगड थोडा फिरवून पुन्हा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर बाद. आपल्याकडच्या पावसात एक घोळ होतो: ओला दगड चांगला असूनही बद्द वाजतो. आधी पूर्ण वाळवा, मगच निकाल द्या. पाण्याच्या बादलीला टेकून दगड ठेवू नका. खालच्या बाजूने पाणी पितो आणि सुरू केल्यावर थरथरतो.

बसवताना दगड दांड्यावर सहज सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवलेला दगड मी चालू करू देत नाही. दोन्ही बाजूंच्या कागदी चकत्या फाडून फेकू नका, फ्लँजचा दाब सारखा बसायला त्याच लागतात. टूल रेस्ट आणि दगड यांत 3 मिलिमीटरहून जास्त फट नको. दगड झिजला की रेस्ट पुढे घ्या, नाहीतर पटाशी आत ओढली जाते आणि मागून बोट. गार्डच्या वरच्या पट्टीची दगडापासूनची फट 6 मिलिमीटरच्या आत ठेवा.

गार्ड लावून, बाजूला उभे राहून पहिले मिनिटभर ग्राइंडर मोकळा फिरवा. हातमोजे नकोत, गॉगल हवाच. चंद्रपूरच्या मे महिन्यात घामाने काच धुरकटते हे खरे; पुसायला थांबा, पण काढू नका. पितळ-ॲल्युमिनियम या दगडावर घासू नका, तो चोंदतो. दगडाच्या सपाट बाजूवर धार लावायची सवय तर आमच्या कितीतरी उस्तादांनाही आहे, ती मोडा.

आणि लेबल वाचा. दगडावर लिहिलेला वेग मोटरच्या वेगाहून कमी नसावा. लेबलच नसेल, तर दगड कितीही जाड उरलेला असो, बसवू नका. भंगारात टाकण्याआधी तो फोडा, नाहीतर दुसरा कुणी उचलून बसवेल.