गच्चीवरची खोली : पाडावी की पक्की करावी?

सेकंड इयरला मला हॉस्टेल मिळालं नाही. आम्ही पाच जण गोंदियात एका गच्चीवर किरायाने राहिलो. मंजूर नकाशात घर दोन मजली, वर पत्र्याच्या तीन खोल्या, चढायला एकच लोखंडी जिना. मालक नागपूरला. घर त्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेलं. दरडोई 1500 रुपये, पावती नाही. मे महिन्यात पत्रा असा तापायचा की आम्ही रात्री बाहेर उघड्यावर झोपायचो. तरी खोली सोडवत नव्हती, कारण एवढ्या पैशात दुसरी मिळत नव्हती.

अशा खोल्या कायदेशीर कराव्यात का? कायद्यात वाट आहे. नगररचना कायद्यात 2017 मध्ये कलम 52-अ आलं. 31 डिसेंबर 2015 पर्यंतची अनधिकृत बांधकामं दंड भरून, काही अटींवर नियमित करता येतात. पण दंड भरल्याने स्लॅब मजबूत होत नाही!

थोडं गणित करू. (सिव्हिलवाल्यांनी हसू नये, मी मेकॅनिकलचा.) आय. एस. 875, भाग 2 प्रमाणे वापरातल्या गच्चीवर दर चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरतात, राहत्या खोलीत 200. हा फरक तसा लहान. खरा घोळ भिंतीचा. अर्ध्या विटेची 3 मीटर उंच भिंत प्रत्येक मीटरला साडेसहाशे किलो भरते, आणि आमच्या भिंतीखाली बीमच नव्हता. 4 एप्रिल 2013 ला मुंब्र्याजवळ अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसं गेली. बांधकाम चालू असतानाच लोक तिथे राहत होते. आगीचं म्हणाल तर आपल्याच गोंदियात डिसेंबर 2016 मध्ये एका हॉटेलच्या आगीत 7 जण गेले. त्यानंतरही आम्ही कूलर, शेगडी, इस्त्री एकाच बोर्डावर चालवत होतो, हे कबूल करतो.

मग सगळं पाडा? माझा एक रूममेट आमगावहून रोज येणं-जाणं करू शकत नव्हता. खोली पाडली असती तर त्याचं शिक्षण बंद झालं असतं, मालकाचं मात्र काही बिघडलं नसतं. म्हणून माझं मत असं, की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरची तपासणी, दुसरा जिना, वेगळं वायरिंग, आणि मगच दंड भरून परवानगी. जी खोली नापास होईल ती रिकामी करावी, पण मालकाच्या खर्चाने मुलांची दुसरी सोय करून. स्लॅब धोक्याचा असेल तर मात्र परीक्षेसाठीही थांबू नये. स्वतः त्याच घरात राहून वरची एक खोली देणाऱ्या काकूंना दंडात सूट द्यावी. गुंतवणूकवाल्यांना नाही.

जूनमध्ये ज्युनिअर्स खोल्या शोधतील. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 लक्षात ठेवा. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. आम्हाला हे माहीतच नव्हतं. डिपॉझिट बुडालं तेव्हा आम्ही गुपचूप सामान उचललं.