पाथरी : शेतातील पिवळ्या फुलांची रानभाजी

जालना जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी व हरभरा उभा असतो, त्या दिवसांत बांधावर आणि पिकांच्या ओळींत जमिनीलगत पसरलेली एक पिवळ्या फुलांची वनस्पती आढळते. ती पाथरी होय. शेतकऱ्याच्या लेखी ती तण आहे. घरातील स्त्रियांच्या लेखी मात्र ती विकत न घ्यावी लागणारी पालेभाजी आहे.

सूर्यफूल, करडई व कारळा ज्या अ‍ॅस्टरेसी कुळात मोडतात, त्याच कुळातील ही वनस्पती. रॉक्सबर्ग यांच्या १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फ्लोरा इंडिका’ ग्रंथात तिचे वर्णन प्रेनॅन्थिस या प्रजातीत केलेले आहे. १९६९ पासून ती लॉनिया प्रोकम्बेन्स या नावाने ओळखली जाते. पश्चिम आशियापासून भारतापर्यंत तिचा नैसर्गिक विस्तार आहे.

पाथरीची ओळख सोपी आहे. कातरलेल्या कडांची पाने मुळाच्या माथ्यापासून चक्राकार पसरतात. पान तोडताच पांढरा चीक येतो. फुलोऱ्यातील सर्व पुष्पके जिभेच्या आकाराची व पिवळी असतात. उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या कंबरमोडीची पाने खोडावर समोरासमोर असतात व तिला चीक नसतो. त्यामुळे या दोहोंत गल्लत होण्याचे कारण नाही.

कोवळी पाने कांदा, हिरवी मिरची व शेंगदाण्याचे कूट घालून कच्चीच भाकरीबरोबर खातात, किंवा मूगडाळ घालून त्यांची भाजी करतात. दुभत्या जनावरांनाही पाथरी आवर्जून घातली जाते; तिने दूध वाढते, अशी लोकसमजूत आहे.

पाथरी बहुवर्षायू असून तिचे मूळ खोल जाते. खुरपणीत वरचा भाग निघाला तरी मुळातून ती पुन्हा फुटते. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या खुरपणी होऊनही ती शेतात टिकून राहिली. परंतु ज्वारीत वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या तणांवर काम करते व पानांवाटे मुळापर्यंत पोहोचते. फवारणी झालेल्या शेतातील पाथरी खुडणे आरोग्याच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. वनौषधी व मोठ्या वृक्षांसमवेत पाथरीसारख्या रानभाज्यांचीही तीत नोंद व्हावयास हवी. ही माहिती प्रामुख्याने वयस्क स्त्रियांजवळ आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी ती लिहून घ्यावी आणि ग्रामपंचायतींनी निदान बांध व गायराने तणनाशकापासून मुक्त ठेवावीत. तसे झाल्यास ही भाजी पुढील पिढीच्या ताटातही राहील.