यंत्रांतील यंत्र : कार्यप्रणाली बसत नसल्यास काय पाहावें

वरच्या वर्गांतील पुष्कळ विद्यार्थी हल्लीं घरच्या संगणकावर दुसरी एखादी कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, बसवून पाहण्याची खटपट करीत असतात. ही जिज्ञासा आम्हांस आवडते. परंतु घरांत संगणक बहुधा एकच असतो, आणि त्याच्या पोटांत वडिलांचे हिशेब, आईच्या कचेरीचे कागद व घरच्या मंगलकार्यांचीं छायाचित्रें साठविलेलीं असतात. प्रयोगाच्या भरांत हें सर्व पुसलें गेलें, तर तें परत मिळेलच असा भरंवसा नाहीं. म्हणून अशा प्रयोगास व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्र, हेंच योग्य स्थळ होय.

आभासी यंत्र म्हणजे खऱ्या संगणकांत एका प्रोग्रॅमनें उभें केलेलें दुसरें, केवळ भासमान यंत्र. खऱ्या संगणकावरील प्रणालीस यजमान व आंत येणारीस पाहुणी म्हणतात. पाहुणीला जी डिस्क दिसते, ती वस्तुतः यजमानाच्या डिस्कवरील एक फाइल असते. त्यामुळें बसविण्याच्या वेळीं ‘संपूर्ण डिस्क पुसावी काय?’ असा प्रश्न आला तरी येथें भिण्याचें कारण नाहीं; पुसली जाते ती तेवढी फाइल. मात्र तोच प्रश्न पेन ड्राइव्हवरून खरा संगणक सुरू केल्यावर आला, तर ‘होय’ म्हणणें म्हणजे घरचा सारा संग्रह गमावणें होय. आणि आभासी यंत्रांत दोनतीनदां अपयश आलें कीं उतावीळ मुलगा नेमका पेन ड्राइव्हकडे वळतो! यासाठीं अपयशाचें कारण शोधण्याची रीत ठाऊक असणें अगत्याचें आहे.

उदाहरणादाखल, विंडोजच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्यें डेबियन लिनक्सची ६४-बिट प्रत बसवावयाची आहे असें समजूं. पहिला प्रश्न असा कीं, काम अडलें कोठें? आरंभींच, मध्यें, कीं सर्व आटोपल्यावर?

आरंभींच अडल्यास प्रथम प्रोसेसरकडे पाहावें. एका यंत्रांत अनेक यंत्रें चालविण्याची कल्पना जुनी आहे, आय.बी.एम. कंपनीनें १९७२ सालीं व्हीएम/३७० ही प्रणाली त्याकरितांच जाहीर केली होती. घरगुती संगणकांच्या प्रोसेसरांत मात्र या कामाची खास सोय इंटेलनें २००५ मध्यें व ए.एम.डी.नें २००६ मध्यें घातली. कित्येक संगणकांत ही सोय बंद ठेवलेली असते. मग ६४-बिट पाहुणी सुरूच होत नाहीं. टास्क मॅनेजरमध्यें सीपीयूच्या पानावर ‘व्हर्च्युअलायझेशन’ या शब्दापुढें ती चालू कीं बंद हें लिहिलेलें असतें. तें आधीं वाचावें. बंद असल्यास संगणक सुरू होतांना फर्मवेअरच्या सेटिंगांत जाऊन ती चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रांत तिचें नांव व्हीटी-एक्स व ए.एम.डी.च्या यंत्रांत एसव्हीएम असें आढळतें. पालकांस येथें एक विनंति आहे. डिस्कवर बिटलॉकरचें कुलूप असल्यास फर्मवेअरमधील फेरफारानंतर संगणक ४८ अंकांची किल्ली मागण्याचा संभव असतो. ती कागदावर उतरवून घेतल्यावांचून मुलांस त्या पडद्यापर्यंत जाऊं देऊं नये.

‘चालू’ असें लिहिलेलें असूनही काम अतिशय मंद चालत असेल, तर आभासी यंत्राच्या खिडकीच्या तळाशीं पाहावें. तेथें हिरवें कासव दिसल्यास विंडोजच्या हायपर-व्ही या थरानें ती सोय आपल्याकडे घेतली आहे असें समजावें. (चित्रकाराच्या विनोदबुद्धीस दाद दिली पाहिजे.) विंडोजमधील ‘मेमरी इंटेग्रिटी’ हें संरक्षण बंद करावें म्हणजे कासव जातें, असें कोणी सांगतात, कित्येकदां तें जातेंही. पण ज्या संगणकावर घरचीं बँकेचीं कामें होतात, तेथें आमच्या मतें कासवच बरें.

मध्येंच, आणि विशेषतः ‘फाइल वाचतां येत नाहीं’ असें म्हणत काम अडल्यास, उतरवून घेतलेल्या आयएसओ फाइलचा संशय घ्यावा. डेबियनच्या संकेतस्थळावर अशा फाइलींचे एसएचए-२५६ ठसे दिलेले असतात. ठसा ६४ अक्षरांचा असतो. पॉवरशेलमध्यें ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा देऊन आपल्या फाइलचा ठसा काढावा व दोन्ही ताडून पाहावे. एक अक्षर जरी निराळें निघालें तरी फाइल पुन्हां उतरवावी. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याची गोष्ट आमच्या मुलांनीं ऐकलीच आहे. सदोष फाइलीवर दहादां खटपट करणें त्याच मासल्याचें.

फाइल निर्दोष असेल तर जागा व रॅम पाहावी. आभासी डिस्क २० जीबींची म्हणून केली, तरी तिची फाइल आरंभीं लहान असते व भरेल तशी वाढते. यजमानाच्या डिस्कवर प्रत्यक्ष जागा उरली नाहीं कीं यंत्र मध्येंच थबकतें. रॅमच्या बाबतींतही तारतम्य पाहिजे. डेस्कटॉपसह डेबियनला २ जीबी देणें बरें. पण ज्या संगणकांत एकूण ४ जीबीच आहे, तेथें पाहुणीस ३ दिले तर यजमानास अंगणांत निजावें लागेल.

बदल करावयाचा तो एका वेळीं एकच करावा. पांच बदल एकदम केल्यावर यंत्र चाललें, तरी तें कशानें चाललें हें कळत नाहीं. अंदाजापेक्षां नोंद वाचणें अधिक उपयोगी. डेबियन बसत असतांना सविस्तर नोंद चौथ्या कन्सोलवर उमटत असते, आणि यंत्राची स्वतःची नोंद त्याच्या फोल्डरांत ‘व्हीबॉक्स.लॉग’ या फाइलींत राहते. ‘गुरु मेडिटेशन’ असे शब्द पडद्यावर आल्यास हीच फाइल उघडावी. हें नांव १९८५ च्या अमिगा संगणकांपासून चालत आलें आहे. येथें कोणी गुरु ध्यानस्थ बसलेले नसून यंत्र कोसळलेलें असतें.

सर्व आटोपल्यावर येणारें अपयश पुष्कळदां अपयशच नसतें. एका विद्यार्थ्यानें एकाच सायंकाळीं डेबियन तीनदां बसविलें, कारण यंत्र पुन्हां सुरू झालें कीं पहिलाच पडदा येई. आयएसओची आभासी तबकडी यंत्रांतून काढावयाची राहिली होती. ती काढतांच प्रणाली सुरू झाली. उलट, तबकडी काढल्यावर ‘सुरू होण्याजोगें माध्यम नाहीं’ असा संदेश आल्यास, ईएफआयची खूण बसविण्याच्या वेळीं होती तशीच आहे कीं मागाहून बदलली, हें तपासावें. डेस्कटॉप न घेतां बसविलेलें डेबियन काळ्या पडद्यावर नांव व पासवर्ड विचारतें. पासवर्ड टाइप करतांना तेथें एकही अक्षर किंवा ठिपका उमटत नाहीं, आणि मुलें कळफलक बिघडला असें समजतात. तो तसाच पुरा टाइप करून एंटर दाबावें.