युनोमधली इंटर्नशिप आणि साठ तासांचं कलम

इंटर्नशिप म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. भोसरी नाहीतर चाकणच्या एमआयडीसीत सेफ्टी शूज घालून महिनाभर शॉप फ्लोअरवर फिरायचं, एचआरच्या मागे लागून सर्टिफिकेट मिळवायचं आणि डांगे चौकातून रिपोर्टचं बाइंडिंग करून आणायचं. त्यामुळे गेल्या सेमिस्टरला माझा रूम पार्टनर जेव्हा म्हणाला की, "मी युनोच्या पॉलिटिकल अफेअर्सला अर्ज करतोय," तेव्हा अख्खी विंग हसली. मीही हसलो. मेकॅनिकलचा पोरगा, एम-थ्रीची केटी नुकतीच सुटलेली, आणि हा निघाला सुरक्षा परिषदेत!

पण गडी ऐकेना. तीन आठवडे रोज रात्री जाहिराती वाचत बसला. दिवा त्याचा, झोपमोड माझी. शेवटी मीही वाचायला लागलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपण 'युनो' म्हणतो ती संयुक्त राष्ट्रसंघटना. न्यूयॉर्कच्या तिच्या सचिवालयात राजकीय व्यवहारांचा एक विभाग १९९२ पासून आहे. १ जानेवारी २०१९ रोजी शांतता उभारणीचं काम त्यात मिळवलं गेलं आणि नाव 'राजकीय आणि शांतता उभारणी व्यवहार विभाग' असं लांबलचक झालं. राजकीय म्हणजे इथे सभा-मोर्चे नव्हेत. जगाचे भाग पाडलेले असतात, त्या-त्या भागातल्या देशांवर कुणीतरी अधिकारी नजर ठेवून असतो. कुठे निवडणूक बिघडतेय, कुठे लष्कर हालचाल करतंय, कुठल्या दोन गटांना एका टेबलावर बसवता येईल, हे तो सतत टिपत असतो. सरचिटणीस एखाद्या देशाच्या अध्यक्षांना भेटणार असतील, तर भेटीआधी त्यांच्या हातात दोन पानांची टिपणी पडते. ती याच लोकांनी केलेली.

इंटर्न काय करतो? वर्तमानपत्रं चाळतो, बैठकीत मागे बसून नोंदी घेतो, टिपणीचा कच्चा मसुदा लिहितो, आकडे आणि तारखा तपासतो. ऐकायला फार भारी नाही. आपल्या जर्नल रायटिंगचाच प्रकार, फक्त इथे मागच्या बॅचचं जर्नल मिळत नाही!

पात्रता अशी की, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असावं, किंवा पदव्युत्तर शिकत असावं, किंवा पदवी मिळून वर्ष उलटलेलं नसावं. मुदत दोन ते सहा महिने. इंग्रजी किंवा फ्रेंच चांगलं हवं. अर्ज संस्थेच्या नोकरीच्या संकेतस्थळावर, फुकट. (कुणी एजंट फी मागत असेल तर सरळ फोन ठेवावा.) राजकीय विभागाच्या जाहिरातीत राज्यशास्त्र, कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध असे विषय मागतात, तिथे इंजिनिअरला अवघड जातं. पण याच विभागात २०२० पासून नवतंत्रज्ञानाचा एक छोटा कक्ष आहे, तिथे उपग्रहचित्रं, डेटा, एआय यांचं काम चालतं. व्हिएन्नाची अणुऊर्जा संस्था तर अर्धी आपल्यासारख्यांचीच. अणुभट्टीची तपासणी हे काम तांत्रिक, पण तिचा अहवाल पुरता राजकीय. २०२५ मध्ये पैशांच्या टंचाईमुळे युनोत सगळीकडेच काटछाट झाली, तेव्हा प्रत्येक जाहिरात ताजी आहे ना ते बघून घ्या.

आता मुख्य अडचण. युनोच्या सचिवालयात इंटर्नला पगार नाही. विमान, व्हिसा, विमा, राहणं, जेवण, सगळं आपलं आपण. पार्टनरने मेसच्या बिलामागे हिशेब मांडला. न्यूयॉर्कमध्ये एखाद्याबरोबर वाटून घेतलेली साधी खोली महिन्याला बाराशे डॉलर धरली, जेवण आणि प्रवासाला सातशे. तीन महिन्यांचे झाले ५,७०० डॉलर, म्हणजे पाच लाखांच्या आसपास. तिकीट धरून सहा लाख. त्याचे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत, बारा तासांची पाळी. सहा लाख ही त्यांची दोन-अडीच वर्षांची कमाई. कागद बघून खोलीत कुणी काही बोललं नाही. आधी हसलेले आम्ही आता उगाच कूलरचं पाणी बघायला उठलो.

ही अडचण फक्त आपलीच नाही. २०१५ साली जिनिव्हात न्यूझीलंडचा एक बावीस वर्षांचा इंटर्न तंबूत राहतो अशी बातमी जगभर गेली. लोकांचं लक्ष वेधण्यासाठी आपण ते मुद्दाम केलं, असं त्याने नंतर सांगितलं, पण प्रश्न खराच होता. ज्याच्या घरी पैसा त्यालाच हा अनुभव मिळणार असेल, तर पुढे जगाच्या टिपण्या लिहिणारेही त्याच घरांतले असणार. मला हे पटत नाही, आणि 'अनुभव हाच मोबदला' हे वाक्य तर अजिबात नाही. सगळ्या संस्था मात्र सारख्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून इंटर्नना मानधन सुरू केलं. अणुऊर्जा संस्था देते. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, म्हणजे आयएलओ, हिचीही मानधनाची पद्धत आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२२ च्या इंटर्नशिप धोरणात दिल्लीत महिना १०,००० रुपये मानधन ठेवलं. आणि युनोच्या स्वयंसेवक योजनेत घरी बसून ऑनलाइन काम करता येतं, त्यात पैसे नाहीत पण खर्चही नाही.

पार्टनरचा मोर्चा मग आयएलओकडे वळला. सरांनी (नाव लिहू नको म्हणालेत) त्याला विचारलं, "तिथं पहिला मराठी माणूस कोण गेला ठाऊक आहे का?" ठाऊक नव्हतं.

नारायण मल्हार जोशी. जन्म १८७९, कुलाबा जिल्ह्यातलं गोरेगाव, शिक्षण पुण्यात. १९०९ मध्ये गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले, १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. गिरणगावातल्या चाळींत रात्रशाळा, वाचनालयं चालवणारा हा माणूस. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आयएलओची पहिली परिषद भरली. तिची रचना आजही तशीच आहे. प्रत्येक देशाचे दोन प्रतिनिधी सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी गेले. पण त्यांना नेमलं होतं सरकारने, कारण ज्याने प्रतिनिधी निवडावा अशी देशभराची कामगार संघटनाच नव्हती. १९२० मध्ये आयटक स्थापन झाली, त्यामागचं एक मोठं कारण हेच. आपला माणूस आपण निवडायचा.

परिषदेपुढचा मोठा विषय होता कामाचे तास. दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ असा करार झाला. पण दहावं कलम खास ब्रिटिश हिंदुस्थानसाठी होतं, आणि त्यात आकडा होता साठ. आज वाचताना राग येतो. मात्र तेव्हाचा कायदा बघा. १९११ च्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे कापड गिरणीत पुरुष कामगाराला दिवसाला बारा तास राबवता येत होतं, म्हणजे आठवड्याचे ७२. सरकारने १९२१ मध्ये करार मान्य केला, १९२२ मध्ये कायदा बदलून साठ तास केले आणि मुलांचं किमान वय नऊवरून बारावर नेलं. १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांना ५४, १९४६ मध्ये ४८. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टने ४८ कायम ठेवले. या काळातला बराचसा भाग, १९२१ ते १९४७, जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त सभासद होते. पिंपरी-चिंचवडला फर्स्ट, सेकंड, थर्ड शिफ्टचे भोंगे वाजायला लागले तेव्हा आठ तासांचा हिशेब आधीच पक्का झालेला होता.

सर म्हणाले, राजकीय काम म्हणजे हेच. करारातला एक आकडा, एक शब्द, आणि त्यामागे कोणी काय सोडलं, काय धरलं.

शब्दांचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको. आयएस कोडमध्ये 'शॅल' असेल तर सक्ती, 'शुड' असेल तर शिफारस. सुरक्षा परिषदेच्या ठरावातही तसंच. परिषद 'ठरवते' असं आलं तर सनदेच्या २५ व्या कलमाप्रमाणे ते सभासद देशांनी पाळायचं असतं. 'आवाहन करते' आलं की जोर कमी. आणि 'नोंद घेते' म्हणजे होय नाही, नाहीही नाही. तीन आठवड्यांत आम्ही याचाच सराव केला. परिषदेच्या खुल्या बैठका युनोच्या वेब टीव्हीवर दिसतात. एक बैठक ऐकायची आणि दोनशे शब्दांत लिहायचं : कोण काय बोललं, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, कुणी कुठला विषय टाळला. स्वतःचं मत शून्य. पहिल्या टिपणीत माझी तब्बल सात विशेषणं निघाली. सरांनी लाल पेनने सगळी खोडली. भारताचं भाषण आलं की हात सैल सुटायचा, तेही खोडलं. सनदेचं शंभरावं कलम सांगतं की, सचिवालयातल्या माणसाने कुठल्याही सरकारच्या सूचना घ्यायच्या नाहीत, स्वतःच्याही नाही. क्रिकेट मॅचची कॉमेंट्री करणाऱ्या आपल्या विंगला हे फार जड जातं.

आयएलओच्या अर्जाबरोबरच्या पत्रात पार्टनरने हेच दहावं कलम घेतलं. वॉशिंग्टन ते इचलकरंजी, असा मुद्दा. पत्र चांगलं जमलं होतं, सरांनीही फक्त दोन ठिकाणी खूण केली. पाठवायच्या आदल्या रात्री घरी फोन लावून त्याने वडिलांना मराठीत सगळं वाचून दाखवलं, फोन स्पीकरवर होता. मागे माग सुरू होते, त्यामुळे ते बाहेर रस्त्यावर येऊन ऐकत होते. बाहत्तरचे साठ, साठाचे चोपन्न, चोपन्नाचे अठ्ठेचाळीस, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चांगलं लिवलंयस रं. पण ते आमच्या कारखान्याला लागू हाय काय?"

पार्टनर गप्प. आम्ही ते कलम निदान दहा वेळा वाचलं होतं. परत उघडलं. साठ तास कुणाला? तर त्यावेळच्या फॅक्टरी कायद्यांखाली येणाऱ्या उद्योगांतल्या कामगारांना, खाणींना आणि रेल्वेच्या काही शाखांना. १९४८ च्या मूळ कायद्यातही विजेवर चालणारा कारखाना धरायला दहा कामगार लागत होते. वडिलांच्या शेडमध्ये एका पाळीला चौघं असतात. शेजारच्या शेडचा मालक तोच, पण कागदावर नाव भावाचं.

त्याने पत्र त्या रात्री पाठवलं नाही. शेवटची मुदत चार दिवसांवर होती. दुसरा परिच्छेद पूर्ण काढला आणि 'लागू कुणाला' इथून नव्याने लिहायला बसला. दिवा पुन्हा तीनपर्यंत चालू.