दात शिवशिवतात तेव्हा



एप्रिल महिन्यात बोदलकसा येथे कोणाला भेटायचे, तर वेळ साधावी लागते. झुंजूमुंजू होताच बाया मोहफुले वेचायला जंगलात गेलेल्या असतात आणि ऊन चढता चढता परततात. अशाच एका सकाळी, १९१७ साली बांधलेल्या तिथल्या मोठ्या तलावापासून जवळच एका अंगणात आम्ही बसलो होतो. घरच्या मावशींनी आम्हाला माठातले गार पाणी दिले. स्वतःसाठी मात्र तांब्याभर पाणी उन्हात ठेवले. का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “थंड पाणी दातायले लागते, ताई. कळ पार डोक्यात जाते. आमच्या घरी सर्वायचेच दात असे हायेत. माझ्या मायचेबी असेच होते.”

बाहेर चाळीस अंशांच्या वर ऊन, आणि घरातल्या माठाचे पाणी पिता येत नाही. पेरू चावता येत नाही, अंबाडीची भाजी नको वाटते, उसाचे कांडे तर लांबच. दात शिवशिवणे याला आपण आजार म्हणत नाही, म्हणून त्यावर कोणी बोलतही नाही. पण मला त्या दिवशी अधिक खटकले ते मावशींचे शेवटचे वाक्य. मायचे तसे, म्हणून माझे असे.

पवित्र शास्त्रात नेमकी याच विचाराची एक म्हण आहे. खाणारा बाप, आणि आंबट द्राक्षांनी दात आंबतात ते लेकरांचे. बाबेलच्या बंदिवासातले लोक ती म्हण सारखी बोलून दाखवत, आणि यहेज्केल संदेष्ट्याने अठराव्या अध्यायात त्यांना बजावले की ही म्हण आता पुरे. यिर्मयाही एकतिसाव्या अध्यायात तिचाच उल्लेख करतो. त्यांचा विषय पापाचा आणि जबाबदारीचा होता, दातांचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. तरीही अंगणात बसल्या बसल्या ती म्हण आठवल्यावाचून राहिली नाही. सिकलसेल आईवडिलांकडूनच येतो, हे आपल्या भागात आता पुष्कळांना माहीत झाले आहे. दातांची शिवशिव सहसा तशी येत नाही. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालते ती बहुधा दात घासण्याची रीत, आणि तोंडात ठेवायची वस्तू.

दाताची रचना थोडी समजून घेऊ. वरचे पांढरे कवच, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातले सर्वांत कठीण द्रव्य आहे. त्याच्या आत डेंटिनचा पिवळसर थर असतो आणि त्या थरात केसाहून कितीतरी बारीक अशा हजारो नळ्या असतात. त्या आतल्या नसेच्या दिशेने जातात व त्यांत द्रव भरलेला असतो. वरचे कवच झिजले, किंवा हिरडी खाली सरकून दाताचे मूळ उघडे पडले, की या नळ्यांची तोंडे उघडी होतात. मग गार पाणी, वारा, आंबट, गोड, काहीही लागले तरी नळीतला द्रव हलतो आणि नस सणकते. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवले. झिजलेले कवच शरीर पुन्हा तयार करीत नाही. उघड्या नळ्या मात्र बुजवता येतात आणि नस शांत करता येते. सगळा उपचार या दोन गोष्टींवर उभा आहे.

आता आपल्याकडे कवच झिजते कशाने? राख, कोळसा, विटेची भुकटी, जाड मीठ. हे सगळे दातावर वाळूच्या कागदासारखे चालते. दात स्वच्छ वाटतात, कारण वरचा थर खरवडून निघालेला असतो. शहरातल्या वाचकांनी यावर हसू नये. कडक ब्रशने आडवे, जोर लावून घासणारे आपल्या मंडळीतही थोडे नाहीत, आणि सकाळी लिंबूपाणी पिऊन लगेच ब्रश हातात घेणारेही आहेत. आंबटाने कवच काही वेळ मऊ पडते. त्या वेळी घासले तर झीज दुप्पट उत्साहाने होते. चिंच, कवठ, लिंबू, आंबील यांपैकी काही घेतले असेल तर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा-पाऊण तास थांबूनच दात घासावेत. गरोदरपणात उलट्या होणाऱ्या बहिणींनीही हेच करावे. पोटातले आम्ल चिंचेहून तीव्र असते. चुळीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर अधिक चांगले.

दातवणाला माझा विरोध नाही. कडुनिंबाची किंवा करंजाची कोवळी काडी चावून तिचा मऊ कुंचा केला आणि हिरडीकडून दाताच्या टोकाकडे फिरवली तर ती चांगलेच काम करते. वाळकी काडी आडवी घासणाऱ्यांच्या दातांना मात्र हिरडीपाशी खाचा पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि शिवशिव नेमकी त्या खाचांतूनच सुरू होते.

खरी अडचण गुडाखूची आहे. तंबाखूच्या भुकटीत गुळाची काकवी वगैरे मिसळून केलेला हा काळा लगदा छत्तीसगडच्या सीमेलगत घरोघरी दिसतो. बाया तो बोटाने दातांना आणि हिरड्यांना चोळतात, दिवसातून चार-पाच वेळाही. मावशींची डबी कमरेलाच होती. त्यांचे म्हणणे, गुडाखू लावली की शिवशिव थांबते. क्षणभर थांबल्यासारखी वाटतही असेल, कारण तंबाखूने तोंड बधिरते. पण त्याच चोळण्याने हिरडी सोलते आणि खाली सरकते, मूळ उघडे पडते, आणि दुसऱ्या दिवशी शिवशिव अधिक. मग डबी पुन्हा उघडते. ज्याला औषध समजून लावले तेच दुखणे वाढवीत असते, आणि तोवर व्यसनही लागलेले असते. शेजारी बसलेली सात-आठ वर्षांची नात आजीची डबी उघडून वास घेत होती. म्हण पुढच्या पिढीत अशी जाते.

पुरुषांचे तेच खर्ऱ्याचे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोटून देणारा पानठेला गावोगाव आहे. सुपारीने दात झिजतात, चुन्याने हिरडी पोळते. पुढे तोंड उघडणे कमी होते. आपली तीन बोटे उभी धरून दोन दातांच्या ओळींमध्ये जात नसतील, तर शिवशिवीची चर्चा सोडून आधी डॉक्टरांकडे जावे.

आम्ही मावशींना गुडाखू एकदम सोडा असे म्हटले नाही. “लावल्याबिगर पोट साफ होत नाही,” हे त्यांचे उत्तर मला पाठ होते, आणि त्यात तथ्यही आहे. तंबाखूतल्या निकोटिनने आतड्यांची हालचाल वाढते. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता होते. भरपूर पाणी आणि भाजीपाला घेतला की ती ओसरते. पाच वेळांच्या दोन झाल्या, मग एक, असे ठरले. ज्यांना मोबाइलवर बोलता येते त्यांच्यासाठी तंबाखू सोडण्याची सरकारी मोफत मदतवाहिनी आहे, १८००-११-२३५६.

दातांसाठी त्यांना मऊ ब्रश आणि शिवशिवीची पेस्ट दिली. अशा पुष्कळ पेस्टमध्ये पोटॅशियम नायट्रेट असते, म्हणजे आपला सोरा, फटाक्यांच्या दारूतला. हे सांगताच मंडळी हसतात. पण म्हणून कोणी सोरा आणून दातांना लावू नये. पेस्टमध्ये तो शुद्ध आणि मोजका असतो, आणि नसेला हळूहळू शांत करतो. वाटाण्याएवढी पेस्ट सकाळी आणि रात्री झोपताना. घासून झाल्यावर थुंकावे, खळखळून चूळ भरू नये. जिथे जास्त लागते तिथे बोटाने थोडी चोळून ठेवावी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बहुतेक लोक चौथ्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात, तेव्हा हा आकडा आधीच सांगावा. पेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर दाताचा पृष्ठभाग बळकट व्हायलाही मदत होते. लवंगेचे तेल थेट ओतणे, दुखऱ्या जागी गोळी दाबून ठेवणे हे टाळावे. त्याने हिरडी भाजते.

प्रत्येक कळ पेस्टने जाणारी नसते. गार पाणी गिळून झाल्यावरही ठणका राहत असेल, गरम चहाने दुखत असेल, रात्री झोपेतून जाग येत असेल, गालाला सूज असेल, तर कीड नसेपर्यंत पोहोचलेली असू शकते. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तरीही थांबू नये. सरकारी रुग्णालयात दंतवैद्य भेटतात, आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. दुखतो म्हणून चांगला दात बाजारात उपटून घेणारे अजूनही भेटतात. शिवशिवणारा दात बहुधा वाचणारा असतो.

आपल्यापैकी अनेक जण नाताळाला मुलांसाठी टॉफ्यांची पाकिटे पाठवतात. त्यामागचे प्रेम आम्ही जाणतो, आणि आम्हीही कित्येक वर्षे त्या आनंदाने वाटल्या. यंदा त्याऐवजी लहान मुलांचे मऊ ब्रश पाठवावेत, ही विनंती.

जूनच्या शेवटी पुन्हा गेलो. मावशींनी माठातले पाणी आमच्यासमोर प्यायले, डोळे मिटून का होईना. डबी कमरेला होतीच, आता दिवसातून एकदा उघडते म्हणाल्या. डाव्या बाजूच्या एका दाढेची कळ मात्र गेलेली नाही. त्या दाढेला काळे भोक दिसते. धानाची रोवणी आटोपली की त्यांना तिरोड्याला दाखवायला न्यायचे ठरले आहे, आणि नातीचे दातही त्याच फेरीत तपासून घेऊ.